चार नंबरची टाकी

अरफाने मीटर तोंडासमोर धरला आणि हलकेच फुंकर मारली. मुठीत मावेल एवढं ते यंत्र लगेच किंचाळायला लागलं. उद्घाटनाच्या मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइडसुद्धा याला कळतो," मॅनेजर शेटे साहेब माइकवरून म्हणाले. "आपल्या डिस्टिलरीतला गॅस आता हवेत सुटणार नाही. पाइपमधून नव्या प्लँटमध्ये आणि तिथून टँकरने गुजरातला. पाइपला सुईएवढं भोक पडलं तरी हे ओरडणार."

अरफा डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती, श्रीरामपूरहून रोज एस.टी.ने यायची. प्रात्यक्षिक तिने करायचं, असं तिला कालच सांगितलं गेलं होतं.

मग गुजरातच्या तेलकंपनीचा इंजिनीअर उठला. तिकडच्या जुन्या विहिरींमधलं सहज येणारं तेल संपलंय, उरलेलं खडकाला धरून बसलंय, असं तो म्हणाला. हा गॅस दाबाने खाली सोडला की ते तेल पातळ होतं आणि वर येतं. गॅस मात्र जमिनीखालीच राहतो, कायमचा.

"आन वर आलेलं ते तेल जाळल्यावर?" मागच्या रांगेतून एका ऊसवाल्याने विचारलं.

"तो वेगळा विषय आहे," इंजिनीअर हसून म्हणाला. शेटे साहेबांनी चहा आणायला सांगितलं.

चहा घेऊन कडूबाई आली. तिचा मुलगा सुनील गेल्या हंगामात चार नंबरच्या टाकीत गाळ काढायला उतरला होता. शिडी संपायच्या आतच त्याचा हात सुटला. मळी आंबते तेव्हा हाच गॅस निघतो. हवेपेक्षा जड असतो, टाकी रिकामी केली तरी तळाशी बसून राहतो. सुनीलला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता. जो गॅस डोळ्यांना दिसतच नाही, त्याचा दोष कुणाला द्यायचा, असं शेटे साहेब तिच्या घरी येऊन सांगून गेले, आणि तिला कॅन्टीनमध्ये कामाला घेतलं.

ट्रे रिकामा झाल्यावर कडूबाई अरफापाशी थांबली.

"ताई, मला बी फुकू द्या जरा."

अरफाने मीटर तिच्यापुढे धरला. कडूबाईने फुंकर मारली. यंत्र किंचाळलं. शेजारच्या खुर्च्यांवरचे दोघे पाहुणे कौतुकाने हसले. ती हसली नाही.

"माझ्या एवढ्याशा वाऱ्यानं वाजतंय," ती म्हणाली. "मग माझा सुनील उतरला तवा हे कुटं हुतं?"

अरफाला उत्तर माहीत होतं. टाक्यांसाठी असा मीटर तिने सुनील जाण्याआधी मागितला होता, नंतरही मागितला होता. "मजूर कंदील सोडून बघतात ना आत? विझला तर उतरत नाहीत. मग आणखी काय पाहिजे?" असं शेटे साहेब दोन्ही वेळेला म्हणाले होते. सुनील उतरला त्या दिवशी मुकादमाला घाई होती, कंदील कुणी पेटवलाच नव्हता. आता नव्या पाइपाच्या वळणावळणावर मीटर बसला होता. पाइपातला गॅस विकला जाणार होता, तो सांडून चालणार नव्हतं.

"नव्हतं, मावशी," अरफा म्हणाली. एवढंच बोलता आलं याचा तिला संताप आला.

कडूबाईने ट्रे काखेत घेतला. "आज पुन्हा चार नंबर धुवायला काढलीय. कर्जतकडची मानसं आल्यात. आत्ताच च्या देऊन आले त्यांना."

अरफा मांडवातून निघाली.

"मॅडम, मीटर ठेवून जा," शेटे साहेब मागून म्हणाले. "तो प्लँटचा आहे."

"टाकीवर नेतेय."

"टाकीसाठी नाहीये तो."

ती थांबली नाही. लोखंडी जिना चढून ती टाकीच्या माथ्यावर पोचली तेव्हा चौघं मजूर तोंडाभोवती गमजे बांधून तयार होते. एकाने झाकणाच्या भोकातून शिडीवर पाय टाकलाही होता. कंदील कठड्याला तसाच अडकवलेला होता, न पेटवलेला.

"वर या."

"मुकादम म्हनला, आतला ग्यास उडून गेलाय..."

"आधी वर या तुम्ही."

गाळाची बादली ओढायच्या दोराला तिने मीटर बांधला आणि आत सोडला. पुरुषभर दोरही गेला नसेल, खालून किंचाळी सुरू झाली. टाकीच्या पोलादात घुमून ती मीटरची वाटेनाशी झाली. शिडीवरचा माणूस एका दमात बाहेर आला आणि कठड्याला पाठ लावून खाली बसला. बाकीचे तिघं भोकापासून मागे सरकले.

शेटे साहेब जिना चढून वर आले. "बंद करा ते," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पाहुणे अजून गेले नाहीत."

अरफाने दोर आणखी सोडला.

एवढ्यात मांडवाकडून तेलकंपनीचा इंजिनीअर धावत आला. गळ्यातला हार काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. धावता धावता तो पाइपलाइनकडे बघत होता, मागच्या माणसाला व्हॉल्व्ह बंद करायला सांगत होता. वरून मजूर त्याच्याकडे बघत राहिले. त्या टाकीकडे कुणी साहेब पळत येताना त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"कुठं गळतंय?" त्याने धापा टाकत वर बघून विचारलं. "कुठून वाया जातोय?"

"वाया काही जात नाहीये, साहेब," अरफा म्हणाली. "इथं माणसं उतरतात."