वरच्या मजल्याची तक्रार

घर गरम ठेवणारा फर्नेस पुन्हा बंद पडला तेव्हा चैत्रालीने स्वानंदीच्या अंगावर दुसरा स्वेटर चढवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून घरमालकिणीला पत्र लिहायला घेतलं. या हिवाळ्यातलं चौथं.

"लिहून काय होणार आहे?" प्रथमेश म्हणाला. "तीन पत्रांचं काय झालं?"

"मग गप्प बसू? पोरीचे ओठ बघ."

अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय शहराच्या जुन्या भागातलं हे दुमजली घर त्यांनी दोन वर्षांच्या लीजवर घेतलं होतं. वरचा मजला त्यांचा, खालचा राजाराम काकांचा. घराच्या मालकीण मिसेस कोवाल्स्की. त्यांना चैत्रालीने कधी पाहिलंही नव्हतं. लीजवरचा त्यांचा फोन नंबर केव्हाच बंद झाला होता. राजाराम काका इथले बारा वर्षांचे भाडेकरू, त्यामुळे वरच्या मजल्याचा चेक तेच दर महिन्याला बाईंना नेऊन देत. तक्रारीही तेच पोचवत.

काका मूळचे साताऱ्याचे. डेट्रॉइटच्या कारखान्यात तीस वर्षं काम करून रिटायर झालेले, आता एकटे. पहिल्यांदा फर्नेस बंद पडला त्या दिवशी ते स्वतःचा इलेक्ट्रिक हीटर वर घेऊन आले होते. "पोरीच्या खोलीत लाव. मला जुन्या हाडाला काय होतंय!" परत न्यायचं त्यांनी नावही काढलं नाही.

हीटरने खोली उबदार व्हायची, पण भिंतीवरची काळी बुरशी काही जाईना. चैत्राली ब्लीचने पुसायची, आठवड्यात ती परत यायची. स्वानंदीचा खोकला दोन महिने हटला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का?" तेव्हा चैत्रालीला रडूच आलं.

चौथं पत्र देऊन काका परत आले ते मान खाली घालूनच.

"काय म्हणाल्या?"

"जाऊ दे गं."

"नाही काका, सांगा."

"मी म्हटलं, लेकरू आजारी आहे. तर म्हणते, परवडत नसेल तर इंडियाला परत जा म्हणावं."

चैत्रालीची कानशिलं तापली. नळ सोडून उगाच भांडी घासत राहिली, ती घासलेलीच होती.

"महिन्याच्या महिन्याला चेक घेताना बरं नाही आठवत इंडिया!" शेवटी ती म्हणाली. "काका, हिची कम्प्लेंट करता येते ना कुठे?"

काका खुर्ची ओढून बसले. "येते. सिटीला, म्हणजे नगरपालिकेला फोन केला की इन्स्पेक्टर येतो. तुझा हक्कच आहे तो. फक्त माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस. या वयात मला दुसरं घर कोण देणार?"

प्रथमेशला हे पटत नव्हतं. "यार, आपण व्हिसावर आहोत. कशाला नसती भानगड?"

"व्हिसावर आहोत म्हणून गारठून मरायचं?" चैत्राली म्हणाली, आणि तिने फोन केला.

इन्स्पेक्टर मंगळवारी आला. माणूस अबोल होता. तो बेसमेंटमध्ये गेला, फर्नेसपाशी वाकला, हातातलं यंत्र धरलं. यंत्र वाजायला लागलं. मग त्याने वर येऊन भिंत पाहिली, खिडकीखालची फळी बोटाने दाबली. बोट आत गेलं.

जाताना त्याने दारावर लाल कागद चिकटवला.

"हे काय?" चैत्रालीने विचारलं.

"घर राहण्यालायक नाही. आज रात्री इथे कुणी झोपायचं नाही. लीज संपली असं समजा."

"अहो, मी दुरुस्ती मागितली होती! आम्हालाच बाहेर काढताय?"

"मॅडम, त्या फर्नेसमधून विषारी वायू गळतोय. तुमच्या मुलीला मी इथे झोपू देणार नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी सामान प्रथमेशच्या ऑफिसातल्या मित्राकडे हलवलं. काकांनी खोकी उतरवायला मदत केली. त्यांचं स्वतःचं सामान आवरून झालं होतं. पुतण्याकडे जातो म्हणाले. चैत्राली सारखी माफी मागत होती. "माझ्यामुळे तुमचंही घर गेलं."

"वेडी आहेस का? तू बरोबर केलंस. अन्याय करणारा सुटता कामा नये."

पुढचा महिनाभर तिघं मित्राच्या हॉलमध्ये गादीवर झोपत होती. त्यात एके दिवशी सिटीच्या ऑर्डरची प्रत पोस्टाने आली. तिच्यावर मालकिणीचा नवा पत्ता होता. लिव्होनियातला, वीस मिनिटांवरचा.

चैत्रालीने गाडी काढली. वाटेत ती इंग्लिशमधली वाक्यं मोठमोठ्याने म्हणून बघत होती.

दार उघडायला बराच वेळ लागला. वॉकर धरून एक वाकलेली म्हातारी उभी होती.

"मिसेस कोवाल्स्की? मी तुमची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. तुमच्या घरात माझी मुलगी दोन महिने आजारी होती. आणि आम्ही इंडियाला परत जायचं?"

"कुठे जायचं? जरा मोठ्याने बोल, बाळ. मला ऐकू कमी येतं."

चैत्राली ओरडून बोलली. बुरशी, फर्नेस, वायू, हॉलमधली गादी, सगळं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरून आले.

"मला माफ कर. गुडघे गेल्यापासून मी ते घर पाहिलेलंच नाही. सिटीचा कागद आला आणि घाबरले. आता ते घर माझं नाही. गेल्या आठवड्यात विकलं. पडक्या, रिकाम्या घराचे जे मिळाले ते घेतले."

"कोणाला विकलं?"

"फार भला माणूस आहे. दर महिन्याला येऊन सांगायचा, वरचे लोक मजेत आहेत, त्यांची काही तक्रार नाही." म्हातारी डोळे पुसत हसली. "तू ओळखत असशील. तुमच्यातलाच आहे. राजाराम."