दोघींपैकी एक

“त्या वेंधळीने आता लग्न करून टाकावं,” सासूबाई टीव्हीकडे बघत म्हणाल्या.

एक वेंधळी आणि एक टापटिपीची, अशा दोन मुली एका खोलीत राहून भांडतात, ती विनोदी मालिका सासू-सून रोज जेवताना बघत. मुलगा वारल्यापासून घरात दोघीच होत्या.

“ती गेली तर मालिकेत राहिलं काय?” सून म्हणाली. तिचा उपडा ठेवलेला फोन पुन्हा थरथरला. तिने तो मांडीखाली सरकवला.

“माणूस चांगला आहे तो. किती वाट बघायला लावणार त्याला?”

“मग दुसरी एकटी पडेल. भांडेल कुणाशी?”

सासूबाईंचा घास हातातच राहिला.

“तिचं ती बघेल. तू उचल तो फोन. आत जाऊन नीट बोल.”

टीव्हीवर जाहिराती लागल्या होत्या, तरी त्यांनी आवाज वाढवला.