फक्त श्वास

सात वर्षं ती स्वतःच गाणी रचून, गाऊन नेटवर टाकत होती आणि ऐकणारे हातावर मोजण्याइतकेच होते. त्यामुळे एका मोठ्या स्टुडिओतून ‘तुमचा आवाज हवाय’ असा फोन आला, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. दोन दिवस तिने घसा जपला, घरात कुणाशी धड बोललीसुद्धा नाही.

माइकसमोर उभी राहिली, तर हेडफोनमधून एका बाईचं अख्खं गाणंच ऐकू आलं. सूर कुठे केसभरही ढळत नव्हता.

“कुणी गायलंय हे?” तिने विचारलं.

“कुणीच नाही. एआयने केलंय. दहा लाख लोकांनी ऐकलंय,” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला.

“मग मी काय गाऊ?”

“गायचं नाही, ताई. लोकांची तक्रार आहे, की ही बाई मध्ये श्वासच घेत नाही. तेवढे श्वास भरून द्या.”

तिला तडक निघून जावंसं वाटलं, पण पाय उचलेना.

“माझं नाव तरी येईल ना?”

“श्वासाला कुठे नाव असतं?” तो हसला.

ओळीओळीआधी ती श्वास देत गेली. शेवटच्या कडव्याला मात्र तिला आवरलं नाही आणि श्वासाऐवजी हुंदकाच बाहेर पडला. ती ‘सॉरी’ म्हणणार, तोच रेकॉर्डिस्टने अंगठा उंचावला.

“वा! हा अगदी खरा वाटतो. असाच अजून एक द्या.”