रिकामी सीट

लेकीला पहिल्यांदा जळगाव जामोदला आजोळी न्यायचं म्हणून शिवमने गाडीत बाळाची सीट बसवली, पट्टे ओढले आणि घट्ट बसली का बघायला ती दोन्ही हातांनी गदागदा हलवली.

"रिकामा पाळणा हालवू नाही, बाप्पा!" ओट्यावरून त्याची आई वच्छलाबाई कळवळल्या.

"माय, पाळणा नोहे, सीट हाय."

त्यांनी ऐकलं नाही. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात निजवलेला वरवंटा त्यांनी घरातून आणला, तशीच कुंची घालून सीटमध्ये ठेवला, पट्टा लावला. "आता हालव किती हालवतं तं."

सीट तसूभरही सरकली नाही. शिवम हसला.

गाडीत सीटच्या शेजारी त्याची बायको राखी तान्हीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला कुंची किंचित वर आलेली दिसली. मग खाली. मग पुन्हा वर, निजलेल्या लेकराच्या पोटासारखी.

"आई, कुंचीत अजून काही ठेवलं का?"

"नाही वं. नुसता दगड हाय."

कुंचीतून बारीकशी जांभई ऐकू आली.

राखी घाबरून लेकीला छातीशी ओढायला गेली. लेक उचलेना. अंगड्यातून हाताला गार लागलं. गार आणि गुळगुळीत, पाट्यावर वर्षानुवर्षं घासल्यासारखं.