यादीतलं शेवटचं कलम

काकांनी आरशात बघत गळ्यावरच्या छिद्रात नळी अलगद बसवली, फीत बांधली आणि मैदान मारल्यासारखं सिस्टरकडे पाहिलं.

"आज कशी बसली एका दमात! काल तर मला घाम फोडलात," म्हणत सिस्टरने घरी सोडायच्या यादीत खूण केली. नळी धुणं झालं. आंघोळीला गळा झाकणं झालं. एकच कलम उरलं: 'रुग्णाचा आवाज गेला आहे, पण त्याला नीट ऐकू येते, हे नातेवाइकांना समजावले.'

काकांनी ते वाचलं आणि घाईघाईने पाटीवर खरडलं, 'हे आमच्या हिला सांगू नका.'

चाळीस वर्षं या माणसाने भाजीबाजारात लिलाव पुकारले. घरातही तीच पट्टी. काकूंना मध्ये तोंड घालायला फट म्हणून मिळाली नाही. कॅन्सरपायी स्वरयंत्र काढलं तेव्हापासून काका पाटीवर लिहायचे, आणि गंमत म्हणजे काकूही त्यांना पाटीवर लिहूनच उत्तर द्यायच्या. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार, असा हिशेब करणारे नातेवाईक सिस्टरने पोत्याने पाहिले होते.

"का सांगू नको?"

काकांनी पाटी पुसली. 'शेजारच्या पेशंटच्या बायकोपाशी रोज माझ्याविषयी बोलते. घोरतो म्हणाली, हेकट म्हणाली. पण असा नवरा शोधून सापडायचा नाही, असंही म्हणाली. मला ऐकू येतं कळलं तर बंद करेल.'

सिस्टरला हसू आवरेना. "काका, त्यांची सही नसेल तर तुम्हाला सोडता येणार नाही. आणि उद्या घरी तुम्ही गळा उघडा टाकून नळाखाली बसाल, अन् त्या ओरडायचं सोडून पाटी शोधत फिरतील!"

काकांनी भिंतीकडे तोंड केलं. वॉर्डातल्या सुया त्यांनी याहून आनंदाने टोचून घेतल्या होत्या.

काकू बाहेर बाकावर औषधं पिशवीत भरत होत्या. सिस्टरने कागद पुढे केला. मन घट्ट करून म्हणाली, "काकू, काकांचा फक्त आवाज गेलाय. कान ठणठणीत आहेत. तुमचं सगळं बोलणं त्यांना ऐकू येतं."

काकूंनी सही ठोकली.

"ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे गं." त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "मला आधीच ठाऊक होतं, हे त्यांना मात्र सांगू नकोस हं. तोंडावर कौतुक करायचं म्हटलं, की मेली माझी जीभच वळत नाही."