पायाखालची वाट

बेकरीवाला पाचव्यांदा काउंटरमागून उठून दारात आला. रस्ता कसा आरशासारखा! खड्डा नाही, चिखल नाही. आणि चिटपाखरूही नाही.

हा रस्ता त्यानेच मागून घेतला होता. सात वर्षं अर्ज केले, कचेरीचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे काम निघालं. तीन आठवडे गल्ली बंद. तेवढे दिवस अख्खी वर्दळ मागच्या बोळातून, लाकडाच्या वखारीला वळसा घालून, चिखल तुडवत जायची. त्याचीही ये-जा मागच्या दारानेच. आता रस्ता खुला होऊन महिना लोटला, पण वर्दळ काही परतली नाही. बोळाच्या तोंडाशी तर कुणीतरी पावाची हातगाडीसुद्धा लावली होती.

कोपऱ्यावर शाळेतल्या बाई दिसल्या. बारा वर्षं रोज संध्याकाळी सहा पाव नेणाऱ्या बाई, आणि बोळाकडे वळत होत्या! तो जवळजवळ धावतच गेला.

"बाई, पावात काही खोट निघाली का?"

"छे हो! तुमच्या पावाला नाव ठेवायला जागा नाही." बाई ओशाळल्या. "रस्ता झालाय, ठाऊक आहे मला. पण पाय आपले इकडेच वळतात."

आणि चपला सांभाळत त्या बोळात शिरल्यासुद्धा.

त्याचं डोकं भणभणलं. माणसं आहेत की मेंढरं? दुकानात येऊन त्याने उरलेले पाव पिशवीत कोंबले, शटर आतून खाली ओढलं आणि तणतणत घर गाठलं.

बायकोने दारातच पिशवीचं वजन नजरेने जोखलं.

"हात दाखवून अवलक्षण! रस्ता मागितलात, रस्ता मिळाला. उद्यापासून पीठ निम्मंच भिजवू या."

"मुळीच नाही! चार दिवसांची सवय, सुटेल. लोकांना डोळे आहेत ना? समोर एवढा चांगला रस्ता असताना चिखलात कोण जाईल?"

बायको त्याच्या पायांकडे बघत होती.

त्यानेही खाली पाहिलं. दोन्ही चपला अंगठ्यापर्यंत चिखलाने भरल्या होत्या. मागचं दार कधी उघडलं, बोळ कधी ओलांडला, त्याला काही केल्या आठवेना.

पिशवी हळूच खाली ठेवत तो म्हणाला, "निम्मंच भिजवू."