ऑन्वीचं कार्ड

कोशकारांनी पेनच्या टोपणाने कान कोरला, टोपणावर काय आलं ते निरखून पाहिलं, बनियनला पुसलं आणि पेन बायकोपुढे धरलं. "लिही. ऑन्वी."

शी! सांगतानासुद्धा मळमळतं. बत्तीस वर्षं तेच टोपण, तोच कान, आणि लिहायला हीच बाई.

तिने रुमालात धरून पेन घेतलं. दाराशी तिची बॅग भरून तयार होती. बहिणीच्या गावची बस चारची, आणि सव्वातीन होऊन गेले होते. बहीण एकटीच राहायची, दर वर्षी बोलवायची. दर वर्षी हे म्हणायचे, "एवढं अक्षर संपू दे, मग खुशाल जा." इंग्रजी-मराठी कोशाचं ए संपलं, बी संपलं, सीने तर सहा वर्षं खाल्ली. आता ई चालू होतं.

"लिहायचं ईपासून, म्हणायचं ऑन्वी," ते म्हणाले. "अर्थ, कंटाळा. कशातच जीव न रमणं." अंगठा जिभेवर ओला करून त्यांनी आधीच्या शब्दांची कार्डं चाळली. कार्डांचे कोपरे थुंकीने फुगून पिवळे पडले होते. तिला ते बोटांनी धरवत नसत. ती केसांतल्या पिनेने कार्ड उचलायची.

"आता व्युत्पत्ती. आला फ्रेंचमधून, पण मूळ लॅटिन. आणि गंमत म्हणजे मुळात कंटाळा नाहीच. मुळात आहे, मला याची घृणा वाटते."

तिचं पेन थांबलं. "काय म्हणालात?"

"घृणा गं, शिसारी. पुढे चांगल्या घरात नांदून शब्द सभ्य झाला, नुसता कंटाळा म्हणायला लागला!" स्वतःच्याच विनोदावर ते खो खो हसले. थुंकीचे दोन थेंब कार्डावर उडाले. ते त्यांनी अंगठ्याने पसरवून टाकले. "चल, वाक्य सांग. आणि ती बॅग आत ठेव बघू. आज काही जमायचं नाही, पुढच्या आठवड्यात बघू."

कोशमंडळाचा नियमच होता. उदाहरणाचं वाक्य पुस्तकातलं चालायचं नाही, कोणीतरी खरंच बोललेलं हवं, आणि खाली बोलणाऱ्याची सही हवी. वाक्यं सगळी तिची होती आणि सह्या सगळ्या ह्यांच्या. "तुझी सही कोण ओळखतंय?" असं त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं.

आज तिने वाक्य सांगितलं नाही, सरळ लिहूनच टाकलं. मग उठली, मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, पुन्हा एकदा धुतले.

"उठलीच आहेस तर चहा टाक," कोशकार म्हणाले आणि कार्ड डोळ्यांजवळ नेऊन मोठ्याने वाचू लागले. "बत्तीस वर्षं मला वाटायचं, मला नुसता कंटाळा आलाय."

त्यांनी मान डोलावली. "वा! साधं, सोपं, अगदी घरगुती."

दाराशी बॅग नव्हती आणि जिन्यावर पावलं उतरत होती. कोशकारांनी अंगठा जिभेला लावला, कार्ड डब्यात ठेवायला गेले आणि थबकले.

"अगं, पण ही खाली सही कोणाची?"